कोरा कागद

गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या नवव्या दिवशी, आमच्या बस्तीच्या सभागृहात एका कोऱ्या कागदाचं जाहीर कौतुक झालं. मला ते पटलं नाही. तिथं उठून बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आधी तो कागद कुठून आला ते सांगते. पर्व सुरू व्हायच्या आधी महिला मंडळाच्या बैठकीत मी एक खेळ सुचवला होता. भजनस्पर्धा, रांगोळी, धार्मिक प्रश्नमंजूषा हे दरवर्षी असतंच. यंदा म्हटलं, प्रत्येकीनं एका कागदावर लिहायचं, की आपलं या जन्मात अजून काय बघायचं, शिकायचं, करायचं, समजून घ्यायचं राहिलंय. नाव घालायचं नाही. आणि अट एकच, की घरच्यांसाठी काही मागायचं नाही. मुलाचं लग्न, नातवाची ॲडमिशन, ह्यांचं बीपी, यातलं काही चालणार नाही.

अट एवढीशी, पण बायांना ती भारी पडली. चाळीसेक कागद आले. त्यातल्या निम्म्यांवर तरी मुलं आणि नातवंडंच होती. उरलेल्यांत मात्र मजा होती. कुणाला पोहायला शिकायचं होतं. कुणाला विमानात खिडकीची जागा हवी होती, पण शेजारी ओळखीचं कुणी नको. एकीला दारावरच्या पाटीवर स्वतःचं नाव हवं होतं. एकीनं लिहिलं होतं, दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं गरम जेवण, सलग आठ दिवस. ‘नवऱ्याचा स्वभाव बदलावा’ असा एक कागद होता. तो मी नियमात बसत नाही म्हणून बाजूला काढला, पण सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच मिळाल्या. आणि एक कागद कोरा होता. चार घड्या घालून, नीट दाबून दिलेला.

ही बातमी प्रवचनकारांपर्यंत कशी गेली ते मला माहीत आहे, पण ते जाऊ दे. नववा दिवस उत्तम आकिंचन्याचा. काहीही माझं नाही, हा भाव समजावून सांगायचा दिवस. पंडितजींनी तो सुरेख सांगितला, त्यांचा अभ्यास मोठा आहे यात शंका नाही. मग ते आमच्या कागदांवर आले. म्हणाले, पन्नाशी उलटल्यावर इच्छांची यादी आवरायची असते, वाढवायची नाही. हे परदेशी खूळ आहे, परिग्रहच आहे, फक्त वस्तूंऐवजी अनुभवांचा. आणि मग म्हणाले, त्या चाळीस जणींत एकच खरी श्राविका निघाली, जिनं कागद कोरा दिला. सभागृहात ‘जय जिनेंद्र’चा गजर झाला. मीही हात जोडले, सवयीनं.

बाहेर पायऱ्यांवर चपला शोधताना एका आक्कांनी माझा दंड धरला. बहात्तर वर्षांच्या. ‘तो कागद माझा गं,’ म्हणाल्या. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, ‘तू काय मोठं समजू नको. तासभर पेन धरून बसलो. काय लिवायचं तेच सुचंना. मला काय पायजे हे कुणी विचारलंच न्हाई की कधी. मग घडी घालून दिलो.’

आता मला सांगा, हे आकिंचन्य का?

त्याग करायला आधी हातात काहीतरी असावं लागतं, हे कुठल्याही बाळबोध पाठशाळेत शिकवतात. ऋषभदेवांनी राज्य सोडलं, कारण राज्य होतं. बाहुबलीनं जिंकलेलं राज्य सोडलं, म्हणून आपण त्याच्या पायाशी जातो. ज्या बाईला पंधराव्या वर्षापासून आपल्याला काय हवं याचा विचारच करू दिला गेला नाही, तिच्या रिकाम्या कागदाला वैराग्य म्हणणं हा वैराग्याचा अपमान आहे. आणि असा अपमान करणं सोयीचंही फार असतं. बाईला काहीच नको असलं की घर कसं बिनबोभाट चालतं.

पंडितजी ‘परिग्रह’ म्हणाले म्हणून मी घरी आल्यावर पुस्तक काढलं. आपण गृहस्थ. आपल्याला सांगितलंय ते परिग्रह-परिमाण. परिमाण म्हणजे माप. शेत इतकं, घर इतकं, सोनं इतकं, धान्य इतकं, याच्या पलीकडे नाही, असं आपल्या तोंडानं ठरवायचं. मी तर म्हणते, ही यादीच झाली की! आधी काय आहे आणि काय हवं आहे ते मोजल्याशिवाय मर्यादा घालायची कशाला? आणि ते मोजायचं ज्याचं त्यानं. सासऱ्यांनी सुनेच्या वतीनं मोजायचं, असं मला तरी कुठं सापडलं नाही.

तीच गोष्ट दिग्व्रताची. दाही दिशांना अमुक नदीपर्यंत, अमुक डोंगरापर्यंतच जाईन, असा नियम श्रावकानं घ्यायचा. किती सुंदर व्रत आहे! पण ते घेणाऱ्याला ती नदी आणि तो डोंगर ठाऊक असणार, निदान ऐकून तरी. आमच्या आक्कांना हे व्रत कधी घ्यावंच लागलं नाही. माहेर, सासर, बस्ती आणि दवाखाना अशा चार दिशा दुसऱ्यांनीच आखून दिल्या होत्या. न घेतलेलं व्रत त्यांनी जन्मभर पाळलं. त्याचं पुण्य कुणाच्या खात्यावर जमा झालं, हे पंडितजींनाच विचारायला हवं.

‘विचारायला हवं’ हेही मी सहज लिहून गेले नाही. तत्त्वार्थसूत्रात तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत, सहा बाहेरचे आणि सहा आतले. बाहेरची तपं आपल्या बायकांनी पार घासून लख्ख केली आहेत. उपवास, एकाशन, रस सोडणं. चातुर्मास लागला की आमच्या फोनवर हीच विचारपूस चालते, ‘तू काय सोडलीस? मी दही आणि पालेभाजी.’ पण आतल्या तपांत चौथं आहे स्वाध्याय. त्या स्वाध्यायाची पाच अंगं. पहिलं वाचना, आणि दुसरंच पृच्छना. पृच्छना म्हणजे प्रश्न विचारणं. तुमच्या-माझ्या धर्मात प्रश्न विचारणं हे तप आहे, दह्यासारखं, पालेभाजीसारखं. राजा श्रेणिकानं भगवान महावीरांना साठ हजार प्रश्न विचारले असं पुराणात सांगतात, आणि ऐकणारे भक्तीनं माना डोलावतात. मग एखाद्या श्रेणिकाच्या बायकोनं कागदावर सहा प्रश्न लिहिले तर तो परिग्रह कसा काय होतो? (मोक्षाचं आम्हा बायकांचं काय करायचं, हे शास्त्रकारांनी आपापल्या संप्रदायाप्रमाणे आधीच ठरवून टाकलंय. त्या वादात मी आज शिरत नाही. प्रश्न विचारायला तरी बंदी नाही ना, एवढंच बघते आहे.)

आणि हे परदेशी खूळ आहे का, तेही सांगते, कारण या कल्पनेचा माग मीही काढला. जॉन गोडार्ड नावाच्या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलानं १९४० साली बसून १२७ गोष्टींची यादी केली. नाईल नदीचा प्रवास, मोठमोठे पर्वत, सगळा एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका वाचणं, आणि टाइपरायटरवर मिनिटाला पन्नास शब्द टंकणं हेसुद्धा. पुढं तो खरंच लहानशा होडीतून नाईलवर गेला. पण माझं लक्ष त्या यादीत दुसरीकडेच गेलं. लग्न करून मुलं व्हावीत, हेही तिच्यात आहे. एकशे सत्तावीसातली एक ओळ. आमच्या आक्कांच्या पंधराव्या वर्षी त्यांच्या यादीत ती एकच ओळ होती, आणि तीही वडिलांनी लिहिलेली.

तेव्हा खूळ परदेशी खरं. पण आपल्याकडे बायांनी काही मनात धरलंच नव्हतं, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं श्रवणबेळगोळला जाऊन यावं. पौदनपुरची बाहुबलीची मूर्ती डोळ्यांनी बघायची, हा ध्यास कुणाचा होता? चावुंडरायाच्या आईचा, काळलादेवीचा. ती दिसेपर्यंत दूध घेणार नाही, म्हणून बसली होती म्हातारी. कथा अशी, की त्या हट्टापायी लेक यात्रेला निघाला आणि शेवटी विंध्यगिरीवर सुमारे सत्तावन्न फुटांचा गोम्मटेश्वर उभा राहिला. कुणी त्या माउलीला म्हटलं नाही, की तुमचं आता वय झालं, इच्छा आवरा. पहिल्या अभिषेकाचं दूध काही केल्या कमरेखाली उतरेना, तेव्हा एका म्हातारीनं फळाच्या एवढ्याशा वाटीतून दूध घातलं आणि ते पायापर्यंत आलं. त्या गुळ्ळकायज्जीची मूर्ती आजही गोम्मटेश्वरासमोर उभी आहे. तिलाही गर्दीत कुणी पुढं जाऊ देत नव्हतं म्हणे.

आणि अत्तिमब्बे! आपल्याकडच्या मुलींना हे नाव माहीत नसावं याची मला लाज वाटते. चालुक्यांच्या काळातली ही बाई. तरुणपणी विधवा झाली, पदरात मुलगा. तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती ताडपत्रावर लिहून घेऊन वाटल्या. तेव्हा छापखाना नव्हता, एकेक अक्षर हातानं. रन्नासारख्या कवीला आधार दिला. गदगजवळ लक्कुंडीला १००७ साली तिनं बांधवलेलं जिनालय अजून उभं आहे. या बाईला लोकांनी ‘दानचिंतामणी’ म्हटलं, आणि दानाचं कौतुक करताना मूळ गोष्ट विसरली गेली, की एक ग्रंथ नाहीसा होऊ नये असं तिला स्वतःला वाटलं होतं. कुणी सांगून हजार प्रती होत नसतात.

आता माझ्या स्वतःच्या कोऱ्या कागदाचं सांगते, नाहीतर आक्कांच्या नावावर मी भांडते आणि स्वतः नामानिराळी राहते असं होईल. मी मराठी घेऊन बी. ए. झाले. मराठीच्या इतिहासाच्या पेपरात श्रवणबेळगोळच्या लेखावर प्रश्न होता. गोम्मटेश्वराच्या पायाशी, चावुंडरायानं हे करवलं असं सांगणारी ती नागरी अक्षरातली ओळ, मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव लेखांपैकी एक. मी पाठ केली, लिहिली, मार्क मिळवले. पुढं लग्न झालं. १९९३ च्या महामस्तकाभिषेकाला सासूबाईंबरोबर गेले, मुलगा कडेवर. २००६ ला गेले तेव्हा सतरा माणसांच्या डब्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. दोन्ही वेळा सहाशेच्या वर पायऱ्या चढले, दर्शन घेतलं, माणसं मोजली आणि उतरले. तिसऱ्यांदा गेले ते २०१८ नंतर, गर्दी ओसरल्यावर. एक कॉलेजातली मुलगी खाली वाकून दगडावरून बोट फिरवत आपल्या आईला सांगत होती, ‘आई, बघ, हे मराठी आहे.’

मी तिथं उभी राहिले. जे वाक्य मला विसाव्या वर्षी पाठ होतं त्याच्या समोरून मी दोनदा गेले होते, आणि बघावंसंही वाटलं नव्हतं. वेळ नव्हता म्हणू नका, मान वळवायला कितीसा वेळ लागतो? बघावंसं वाटणारं जे काही माझ्यात होतं, ते कधी बंद पडलं हे मला कळलंही नव्हतं. कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. ह्यांचा स्वभाव चांगला, सासूबाई मायाळू. तक्रार करायला कुणी गुन्हेगारच नाही, म्हणून ही गोष्ट आपण कधी बोलतच नाही.

घरी आल्यावर मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर यादी केली. वीस-बावीस ओळी झाल्या. पहिली ओळ, कन्नड वाचायला शिकणं. बेळगावात जन्म गेला, बाजारापुरतं कन्नड बोलते, पण अक्षर एक येत नव्हतं. बसची पाटी वाचता येत नाही म्हणून इतकी वर्षं लोकांना विचारत चढत होते. ज्या कमळ बस्तीत लहानपणापासून जाते, ती १२०४ साली रट्टांच्या कार्तवीर्य राजाचा मंत्री बीचिराज यानं बांधली हेही मला परक्यासारखं पुस्तकातून कळलं. घरात यावरून वाद झाला. मराठीसाठी इतकी वर्षं लढलेली माणसं आमच्या नात्यात आहेत. ‘आता हेच राहिलं होतं,’ असं दीर म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी, मराठी काही कमी करत नाही, त्यात आणखी घालते आहे. नातवाच्या पहिलीच्या पुस्तकावरून त्याच्याबरोबर बसून शिकले. तो मला चुकीला पट्टी दाखवायचा. आता बसच्या पाट्या वाचते. शिलालेखातलं जुनं कन्नड अजून दूर आहे, असू दे.

दुसरी ओळ सतारीची होती. आठवड्यातून दोनदा, चार महिने गेले. मग लक्षात आलं, मला सतार नकोच होती. शेजारच्या घरातून लहानपणी ऐकू यायची, तिथल्या मुलीला घरातून कुणी उठवत नसे, मला ते हवं होतं. सतार परत केली, ओळ खोडली. पंडितजी, मला वाटतं तो माझा आजवरचा पहिला खरा त्याग. पंचवीस चातुर्मासांत दही सोडलं तेव्हाही इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

पंडितजींच्या बाजूनंही एक गोष्ट मान्य करायला हवी. हल्ली या याद्यांचा जो बाजार झालाय त्याला ते परिग्रह म्हणाले असते, तर मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली असती. पन्नाशीच्या आत पन्नास देश, फुग्यातून उडणं, बर्फात साडी नेसून फोटो. ती सहल कंपनीनं छापलेली यादी असते, आपण फक्त हप्ते भरतो. २०१८ साली माधुरी दीक्षितचा ‘बकेट लिस्ट’ हा मराठी सिनेमा आला, आमचं मंडळ मिळून गेलं होतं. त्यातल्या गृहिणीला एका तरुण मुलीचं हृदय बसवतात, आणि मग ती त्या मुलीची राहिलेली यादी पुरी करायला निघते. बायका रडल्या, मीही रडले. घरी येताना मात्र मनात आलं, आमच्या बाईला स्वप्न पडायला दुसरीचं काळीज लागलं, आणि यादीही दुसरीचीच!

एक शेवटची सबब राहते. वेळ कुठाय? इतर बायकांचं माहीत नाही, पण आपल्याला ती सबब शोभत नाही. आपल्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं होतात. चूल विझते, भांडी होतात, आणि सात-साडेसातनंतर शास्त्रानंच बाईला सुट्टी दिलेली असते. त्या तासांत आपण काय करतो? कुणाची औषधं, कुणाचं दूध, उद्याची भाजी निवडणं, आणि मालिकेतल्या सासू-सुनांचे लागेबांधे. रात्रीचे दोन तास धर्मानं दिले आणि आपण ते कुणी न मागताच वाटून टाकले. इथं मला पुरुषांचा राग येत नाही, आपलाच येतो.

दिवाळीनंतर आक्का घरी आल्या. पिशवीतून तोच कागद काढला, त्याच चार घड्यांचा. मंडळाच्या पेटीतून त्यांनी तो परत मागून नेला होता. त्यावर आता एक ओळ होती, पेन्सिलीनं लिहिलेली, एका बाजूला उतरत गेलेली. त्यांनी चौथीत असताना एक प्रश्न विचारला होता. पाठशाळेत शिकवलं होतं, जंबुद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र. शाळेत बाई म्हणाल्या, सूर्य एकच. आक्कांनी शाळेत दोन सूर्यांचं विचारलं, तेव्हा वर्ग हसला. पाठशाळेत एका सूर्याचं विचारलं, तेव्हा कान पिळला गेला. घरी सांगितलं तर आईनं दोन्हीकडे गप बसायला शिकवलं. पुढच्या वर्षी शाळाच सुटली.

‘त्रेसष्ट वर्षं झाली बघ,’ म्हणाल्या. ‘कागद घेऊन बसलो तवा आठवलं न्हाई. मग एका रात्री आपोआप आलं.’

मी विचारलं, आता कुणाला विचारणार?

‘पंडितजींनाच. माझी तारीफ केल्यात न्हवं?’

पुढच्या भाद्रपदात पहिल्या रांगेत बसणार आहेत. कानाला कमी ऐकू येतं म्हणून पुढं बसते, असं घरी सांगणार आहेत. प्रश्न कसा सुरू करायचा ते आत्तापासून दोनदा माझ्याकडून लिहून घेतलं आणि दोन्ही वेळा खोडलं. सोबत मलाही बसायला सांगितलंय, पण बोलायचं त्या एकट्याच आहेत.